धाकट्या विळ्याची नोंद

वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळांची एक छोटी चौकट असते. बाजारभाव आणि सूर्योदय-सूर्यास्त यांच्यामधल्या जागेत ती बसवलेली असते. ती कुणी वाचत असेल, असं ती तयार करणाऱ्याला वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत गिरगावातल्या एका मराठी दैनिकात ती चौकट माझ्याकडे होती. मी सर्वांत कनिष्ठ उपसंपादक होतो. पहिल्या पानावर सभा, सत्याग्रह आणि दिल्लीच्या तारा येत. माझ्या वाट्याला समुद्र होता.

एका शनिवारी माझ्या हातून भरतीच्या वेळा ओहोटीखाली आणि ओहोटीच्या वेळा भरतीखाली गेल्या. मुद्रितशोधकाने तपासलं, मुख्य उपसंपादकांनी सही केली, आणि रविवारी सकाळी चूक घरोघर पोचली. दिवसभरात एकही तक्रार आली नाही. सोमवारी पाच वाजता एक आली, ती जिने चढून.

पन्नाशीचे गृहस्थ होते. पांढरा सदरा, केसांत आणि भुवयांवर कापसाची तूस, हातात घडी केलेला अंक. परळच्या एका गिरणीत ते विणकर होते आणि पहिली पाळी संपवून ट्रामने थेट आले होते. दारातच ते इतक्या मोठ्यानं बोलले की सगळ्या टेबलांवरच्या लेखण्या थांबल्या.

"समुद्र कोण बघतो इथं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. ते माझ्या टेबलाशी आले आणि माझ्या तोंडाकडे रोखून पाहत उभे राहिले. ही पाहण्याची रीत रागाची नव्हती, हे मला नंतर कळलं. मागाच्या खात्यात पंचवीस वर्षं काढल्यावर त्यांना कमी ऐकू येत होतं. बारीक, उंच आवाज तर अजिबात येत नव्हते. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून वाचत.

"काल दीड वाजता ओहोटी छापलीत. मी शिवडीला गेलो. पाणी बांधाला लागलं होतं, पाखरू एक नाही. आठवड्याची एक सुट्टी असते मला."

मी चूक मान्य केली. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही.

"काल तिथी कुठली होती?"

"द्वितीया असावी."

"पाऊणकी शिकलात ना शाळेत? तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट?"

"दीड."

"मग दीडला भरती. आमच्या गावात शेंबडं पोर सांगेल. छापलेलं खरं असतं म्हणून मी पंचांग बघितलं नाही, ही माझी चूक. तुमची काय ती तुम्ही बघा."

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसांचा हा हिशेब थोड्या मिनिटांच्या फरकाने बरोबर येतो. पुढे ती चौकट छपाईला देण्याआधी मी दरवेळी पाऊणकी करून पाहत असे. चूक पुन्हा झाली नाही. त्या संध्याकाळी मात्र मी दिलगिरी म्हणून खालच्या हॉटेलातून चहा मागवला आणि शिवडीला पाखरं कसली असतात, ते विचारलं. अर्ध्या तासाने पुढच्या रविवारी दोघांनी जायचं ठरलं होतं.

शिवडीची खाडी परळहून चालत अर्ध्या तासावर आहे. रेल्वेचे रूळ ओलांडले की लाकडाच्या वखारी, तेलाच्या टाक्या, मग दगडी बांध, आणि बांधापलीकडे तिवरं आणि चिखल. पाणी उतरलं की चिखल फर्लांगभर उघडा पडतो. अगदी ओहोटीला पक्षी दूर पांगतात आणि ठिपक्यांएवढे दिसतात. बघायची वेळ त्यानंतरची, पाणी चढू लागल्यावरची. चढतं पाणी पक्ष्यांना रेटत बांधाजवळ आणतं. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, दुपारनंतर पाठीवर. म्हणजे दुपारची चढती भरती उत्तम. इतकं मला पहिल्याच रविवारी समजलं. समजलं नाही ते हे, की इतके पक्षी एकमेकांपासून वेगळे कसे काढायचे.

काकांनी, मी त्यांना काका म्हणू लागलो होतो, पक्ष्यांना गिरणीच्या हिशेबाने नावं लावली होती. पाण्याच्या काठाकाठाने इकडून तिकडे, तिकडून इकडे पळणारे चिमुकले तुतवार म्हणजे धोटे. मागावरच्या धोट्यासारखेच ते एका जागी ठरत नसत. लाल पायांचा एक पक्षी कुणाची चाहूल लागताच सर्वांत आधी ओरडून सगळा चिखल उठवतो. त्याचं नाव जॉबर, खात्यातल्या मुकादमावरून. आणि खाली वाकलेल्या लांब चोचीची कोरल म्हणजे विळा. ती चिखलात चोच मुळापर्यंत खुपसते आणि खेकडा ओढून काढते.

"विळे दोन," काका म्हणाले. "थोरला आणि धाकटा."

हे ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे जॉबर ओरडला आणि निम्मा चिखल रिकामा झाला. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. मागाच्या खात्यात कुणालाच काही ऐकू येत नसल्यामुळे तिथले लोक हातांनी बोलतात. टोपीवरून हात फिरवला तर साहेब आला, मनगट वळवलं तर सूत तुटलं, दोन बोटं खांद्यावर ठेवली तर जॉबर बघतोय. ही भाषा त्यांनी मला दोन रविवारांत शिकवली. तर्जनी वाकवून नाकाशी धरली की विळा. मग हात उंच धरला की थोरला, खाली धरला की धाकटा. पक्षी बघायला याहून सोयीची भाषा मला आजवर भेटलेली नाही.

दादरला एक निवृत्त प्राध्यापक राहत. मुंबईच्या खाड्यांवरच्या पक्ष्यांची यादी ते करत होते आणि मार्चअखेर ती छपाईला जायची होती. काका त्यांच्याकडे दोन वर्षं जात होते. त्यांनी कळवलेले बरेच पक्षी सरांनी यादीत घेतले होते. अडला होता तो धाकटा विळा. सरांचं म्हणणं असं की थोरल्या कोरलेतही नराची चोच आखूड असते, पिल्लाची त्याहून आखूड. तेव्हा आकारावरून पक्षी वेगळा ठरत नाही. धाकट्याची खूण म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे आणि मधोमध फिकी रेघ, भांग पाडल्यासारखी. ती दोघांना दिसली पाहिजे. नाहीतर त्याचा आवाज कुणीतरी ऐकला पाहिजे.

भांग काकांना दिसत होता. रे रोडच्या भंगारवाल्याकडून घेतलेली जहाजावरची पितळी दुर्बीण त्यांच्याकडे होती. पण ते एकटेच होते. आवाजही त्यांना माहीत होता. लहानपणी गावच्या खाडीवर गुरं राखताना त्यांनी तो रोज ऐकला होता. पण गेली पंधरा वर्षं त्यांना तो ऐकू येत नव्हता आणि आठवणीवर नोंद होत नाही, असं सर म्हणाले होते.

पंचवीस वर्षांत काकांनी विणलेल्या हरेक ताग्यावर गिरणीचा शिक्का पडला होता. हा एक पक्षी त्यांनी स्वतः वेगळा काढला होता. तो यादीत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. मार्च सरला की यादी बंद आणि पक्षीही उत्तरेला जाणार.

मी साक्षीदार म्हणून पुढे झालो. सरांनी माझा चष्मा पाहिला. मुद्रितं वाचून माझ्या काचा बऱ्यापैकी जाड झाल्या होत्या.

"कान कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"चांगले आहेत."

ते काकांकडे वळले आणि ओठ दिसतील असे हळू बोलले. "याला आवाजाबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. कसा आहे, किती वेळा आहे, काही नाही. सांगितलंत तर याची साक्ष बाद."

काकांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

फेब्रुवारीतले दोन रविवार फुकट गेले. दुर्बिणीला डोळा लावायचा तर चष्मा काढावा लागे, आणि चष्मा काढला की पक्षी, चिखल आणि तिवरं एकाच रंगाची होत. चष्म्यासकट पाहिलं तर वाटोळ्या काचेत माझीच पापणी दिसे. आवाज म्हणावा तर रविवारीसुद्धा बंदराच्या रुळांवर मालगाड्यांचे डबे आपटत असत आणि वखारीत करवत चालू असे. दुसऱ्या रविवारी काकांचा धीर सुटला. परतताना ते रस्त्यातच थांबले.

"दिसला म्हणून सांग ना. मला दिसतोय ना? मग आहेच तो."

"मला दिसला नाही, काका. न दिसलेलं लिहिता येत नाही."

"अस्सं? आणि त्या रविवारी भरतीची ओहोटी केलीस ती तुला दिसली होती?"

आम्ही परळपर्यंत चालत आलो. नाक्यावर त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाले, "चल, घरी चल. बांगडे आणलेत."

काकींना हा सगळा प्रकार ठाऊक होता. चाळीतल्या खोलीत स्टोव्हपाशी बसून त्यांनी मला वाढलं आणि काकांकडे पाठ करून माझ्याकडेच तक्रार केली.

"बघा ह्येंका. माझा बोलणा आयकाक येना नाय, आणि पाखराचा आयकाक शिवडीक जातत."

"काय म्हणते?" काकांनी मला विचारलं.

"कालवण चांगलं झालंय म्हणतात."

"खोटारडो!" काकी हसल्या. "पेपरवालोच तो."

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात हरताळ पुकारला गेला. गिरण्या बंद, ट्राम बंद, गोदी बंद. वातावरण तापलेलं होतं, तरी तो दिवस शांततेत गेला. माझी पाळी संध्याकाळी सातला सुरू होणार होती. तिथी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दोनपासून चारपर्यंत पाणी चढतं आणि ऊन पाठीवर. असा योग त्या महिन्यात पुन्हा येणार नव्हता. सकाळीच मी ठाकूरद्वारच्या माझ्या खोलीवरून पायी निघालो.

लालबागच्या रस्त्यावर माणसं घोळक्यांनी उभी होती. पोरं डांबरावर क्रिकेट खेळत होती. काका चाळीच्या दारात दुर्बीण पंच्यात गुंडाळून तयार होते. शेजारच्या खोलीतल्या एका कामगाराने विचारलं, "काय काका, सभेला दुर्बीण घेऊन?"

"सभा सहाला. तोवर येतो."

काकींनी वरच्या गॅलरीतून सांगितलं, "आज गिरण बंद, म्हणून चिखलात लोळूक चलले."

शिवडीला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. बांधावर चढल्यावर काय वेगळं आहे, ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आवाज नव्हता. डबे आपटत नव्हते, करवत थांबली होती, टाक्यांकडचे पंप बंद होते. गिरण्यांच्या एकाही धुराड्यातून धूर नव्हता. आजवर डबे थांबले की ज्याला मी खाडीची शांतता समजत होतो ती शांतता नव्हतीच. आता चिखलात बुडबुडे फुटण्याचा बारीक आवाज येत होता. तुतवारांची चिवचिव फर्लांगभरावरून येत होती. एक थोरली कोरल लांब सूर काढून ओरडली, खालून वर चढत जाणारा, आणि तो सूर पाण्यावरून शेवटपर्यंत ऐकू आला.

मी काकांकडे तोंड करून म्हटलं, "किती शांत आहे आज."

त्यांनी आपल्या कानांकडे बोट केलं आणि जेमतेम कुजबुजले, "इथला हरताळ पंधरा वर्षं चालू आहे."

आम्ही बांधाच्या आडोशाला पालथे पडलो. पाणी चढू लागलं. चिखलाची कड हळूहळू अरुंद होत गेली आणि पक्षी पावलापावलाने जवळ सरकत आले. शेकाटे लांब गुलाबी पाय उचलत आले. धोटे आले. जॉबर आला आणि आमच्याकडे संशयाने पाहत उभा राहिला. मला यापलीकडे सगळे करडे ठिपके होते. पावणेचारच्या सुमारास काकांची तर्जनी वाकून नाकाशी गेली आणि हात खाली आला. धाकटा विळा. मग त्यांनी ते बोट डोक्याच्या मधोमध भांगातून फिरवलं. मग बोट उभं धरलं: एकच आहे, एकटा आहे. त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

मी डोळे मिटून घेतले. त्यांचा मला उपयोग नव्हता.

दूर कुठेतरी मोर्चाची एक घोषणा उठली आणि विरली. काकांना ती ऐकू आली नाही, पण त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "धाकट्या विळ्यासह यादी, झालीच पाहिजे." मला हसू आवरेना. मी तोंडात रुमाल कोंबला. तेवढ्यात जॉबर ओरडला.

त्याच्या ओरडण्यापाठोपाठ एक वेगळा आवाज आला. एकाच पट्टीतली, भरभर, स्वच्छ शीळ, एकामागून एक. मी माझा हात काकांच्या खांद्यावर टाकला होता. प्रत्येक शिळेबरोबर माझं बोट त्यांच्या खांद्यावर पडत गेलं. हे मी ठरवून केलं नव्हतं. खांद्यावर बोट ठेवून सांगायची सवय त्यांनीच लावली होती. टि-टि-टि-टि-टि-टि-टि. मग थांबली. पुन्हा एकदा तितकीच, थोडी लांबून.

काकांनी दुर्बीण खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा असा होताना मी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी माझा हात धरला, माझंच बोट घेऊन आपल्या खांद्यावर आपटलं, सात वेळा, आणि भुवया उंचावून विचारलं: इतकंच?

मी मान डोलावली.

मग ते उभे राहिले आणि एवढ्या मोठ्यानं हसले की शिवडीच्या खाडीवर एकही पक्षी उरला नाही.

सहाची सभा होती, सातची माझी पाळी होती, ट्राम नव्हती. तरीही आम्ही दादरला गेलो, जवळजवळ पळत. सरांनी काकांना गॅलरीत बसवलं, मला आत घेतलं आणि दार लावलं.

"काय ऐकलंत?"

"शीळ. एका पट्टीत. सात वेळा, दोनदा."

"यांनी आकडा आधी सांगितला होता?"

"नाही."

"मी तीन आवाज काढतो. त्यातला कोणता, ते सांगा."

सत्तरीच्या जवळ आलेले सर खिडकीपाशी ताठ उभे राहिले, ओठ ओले केले आणि त्यांनी शीळ घातली. पहिली थोरल्या कोरलेची, ती मी ओळखली. दुसरी जॉबरची. तिसरी सुरू होताच समोरच्या इमारतीतली एक बाई खिडकीत आली आणि म्हणाली, "अहो सर, काही होतंय का तुम्हाला? डॉक्टरांना बोलवू?"

"काही नाही, काही नाही. पक्षी आहे."

"कुठं आहे?"

"तिसरी," मी म्हणालो.

सर खुर्चीत बसले. काकांना आत बोलावलं. मी माझ्यातर्फे एक गोष्ट सांगणं भाग होतं, ती सांगितली: आवाज मी ऐकला, पण पक्षी पाहिला नाही. तो आवाज कुणाचा होता, हे मी सांगू शकत नाही. काकांनी माझ्या ओठांवरून हे वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे यांना दिसलं, पण ऐकू आलं नाही," सर म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं, पण दिसलं नाही. दोन साक्षीदार म्हणायचे की एकही नाही?"

समोरची बाई अजून खिडकीत होती.

सरांनी काकांकडे तोंड केलं. "याचं बोट खांद्यावर पडू लागलं तेव्हा पक्षी काय करत होता?"

"उठत होता. जॉबर ओरडला, यानं पंख उघडले, चोच उघडली, आणि बोट पडलं."

"मध्ये किती वेळ गेला?"

"धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो तेवढा."

"आणखी कुठला पक्षी त्या वेळी उठला?"

"जॉबर आणि धोटे, उजवीकडं. थोरले विळे पाण्यापलीकडं होते, ते बसूनच होते. दुसऱ्यांदा बोट पडलं तेव्हा हा तिवरांवरून वळत होता."

"दुसऱ्यांदा आवाज कसा होता?" हा प्रश्न मला होता.

"तितकाच. पण लांबून."

सरांनी टाक उचलला. वहीचं पान काढलं. त्यांनी काय लिहिलं, ते मी उलट्या बाजूने वाचलं. छापखान्यातले उलटे खिळे वाचायची सवय असलेल्याला ते कठीण नव्हतं. 'धाकटी कोरल. शिवडी. एक पक्षी. एका निरीक्षकाने पाहिला, दुसऱ्याने त्याच क्षणी ऐकला.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग वही परत दिली आणि सरांना खाली वाकून नमस्कार केला. सर गडबडून उठले आणि त्यांचा चहाचा कप सांडला.

जिने उतरताना काका म्हणाले, "चला. एक मागणी मान्य झाली."

ते सभेला वेळेवर पोचले. मी कचेरीत सव्वासातला पोचलो. मुख्य उपसंपादकांनी माझ्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला आणि हरताळाचं वृत्त विचारलं. मी म्हटलं, शिवडी भागात पूर्ण शांतता होती. त्यांनी ते एका ओळीत घेतलं. ते अक्षरशः खरं होतं.

छापील यादी श्रावणात आली. मी एक प्रत घेऊन परळला गेलो. काकांनी ती चाळीच्या गॅलरीत सर्वांना दाखवली. कुणाला त्यातलं फारसं समजलं नाही, पण सर्वांनी हातात घेऊन पाहिली. काकी पीठ लागलेले हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी ओळ वाचून घेतली आणि म्हणाल्या, "यादीत घातल्यात, बरा झाला. आता रेशनकार्डार पण नाव घाला त्येचा. ह्याच घरात ऱ्हवता तो."

काका त्यांच्या ओठांकडे पाहत होते. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही.

यादी त्यांनी पुन्हा वाचली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"छापलंय ते ठीक. पण तुझ्या धंद्याचा मला अनुभव आहे. भाद्रपदात पाखरं यायला लागतील. तिथी बघून ठेव. खरंच आहे का, ते बघून येऊ."